लग्नातला माईक

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात बी विंगमधील एका सभासदांनी केलेले भाषण)



गेली २५ वर्षं आपल्या सोसायटीत गणपती असो, कोजागिरी असो, झेंडावंदन असो, माईक माझ्याकडं येतो. पण तो दुसऱ्याची ओळख करून द्यायला. ‘सर, आता तुम्ही बसा आणि पाहुण्यांना बोलू द्या’ एवढंच मला ऐकायची सवय. या वेळी सेक्रेटरींनी उलटं केलं. म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं लग्नांत निवेदन करताय, त्यावरच बोला. घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, जपून बोला, समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांची लग्नं तुम्हीच लावलीत.

आधी तेच दुरुस्त करतो. मी लग्न लावत नाही. लग्न भटजी लावतात, खर्च मुलीचा बाप करतो, राबतात बायका, आणि श्रेय केटररला जातं. मी फक्त बोलतो. पत्रिकेत माझं नाव नसतं. अल्बममध्ये असलोच तर कडेला, अर्धा, हातात कागद घेतलेला.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. नोकरी सगळी सांगली जिल्ह्यात झाली, शिक्षकाची. म्हणजे माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं म्हणा. दोन्हीकडची लग्नं केली, आणि खरं सांगायचं तर फरक फार नाही. कृष्णा दोन्हीकडून वाहते, आणि दोन्हीकडं अक्षता उशिराच पडतात.

मी निवेदक झालो तो कुठला कोर्स करून नव्हे. १९८४ साली नोकरीच्या गावात एका शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. मांडववाल्यानं बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर आणला होता, दोन कर्णे लिंबाच्या झाडाला बांधले होते. मांडववाल्याचा पोरगा सकाळपासून ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ एवढंच म्हणत होता, कारण पुढचं त्याला येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, “मास्तर, तुमचा आवाज वर्गात असतो तसा हाय, जरा आहेर पुकारा.” झालं. त्या दिवशी मला एक नारळ, टोपी आणि ११ रुपये मिळाले. टोपी अजून आहे.

आहेर पुकारणं हे आता आपल्या मुलांनी पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. नवरा-नवरी पाटावर बसायची. शेजारी दोघं जण वही घेऊन बसायचे, एक लिहायचा, एक पैसे मोजायचा. आणि माईकवरून सांगायचं: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून नवरीस साडी-चोळी, नवरदेवास पोशाख. तमके, यांच्याकडून रोख रुपये ५१. मुलीच्या मामांकडून तांब्याचा हंडा. असं दोन-दोन तास. एखाद्याचं नाव राहिलं की तो माणूस तिथंच उभा राहायचा, जेवायला जायचा नाही. मला पहिल्यांदा हसू यायचं. मग कळलं की ती वही म्हणजे उधारीची वही आहे. उद्या त्याच्या घरी कार्य निघालं की हीच वही काढून बघायचं, त्यानं काय केलं होतं, आणि त्यात थोडी भर घालून फेडायचं. वहीत लिहिलंय ते दोघांना माहीत असतं, पण पुकारलेलं सगळ्या गावाला माहीत होतं. माईक साक्षीदार असायचा. तेव्हा एक गोष्ट शिकलो, ती पुढं कायम उपयोगी पडली. ११ रुपये आणि ५०१ रुपये एकाच आवाजात पुकारायचे. ५०१ वाल्याला काही वाटत नाही, ११ वाल्याची मान वर राहते.

आता पत्रिकेवरच छापतात, ‘कृपया आहेर आणू नयेत’. चांगलं झालं. कित्येक घरं त्या वहीनं वाकवली होती.

माईक यायच्या आधी हे काम कोण करायचं? तर ते एकाकडं नव्हतंच, वाटलेलं होतं. गावचा न्हावी घरोघर आवतण देत फिरायचा. परण्या मारुतीला निघाला हे हलगी सांगायची. मंगलाष्टका भटजी म्हणायचे, आणि त्यात आत्या-मावश्या आपापली घालायच्या, कुणाचा सूर कुठं जाईल याचा नेम नसायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळं आता काय चाललंय हे सांगणारा लागत नव्हता. मंडपात हजार माणूस जमायला लागलं, निम्म्यांना नवरदेवाचं नाव माहीत नाही अशी वेळ आली, तेव्हा आमचा धंदा सुरू झाला.

तसं बघितलं तर सांगलीत हा धंदा जुना आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं राजेसाहेबांपुढं नाटक केलं, मराठी रंगभूमी तिथून मोजतात, ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो. नाटक कुठलं? ‘सीता स्वयंवर’. म्हणजे लग्नच! आणि त्या नाटकात सगळ्यात जास्त काम कुणाला होतं? सूत्रधाराला. बाकीची पात्रं येणार, जाणार, तो मात्र बाजूला उभा राहून पदं म्हणत कथा पुढं नेणार. मला कुणी ‘तुम्ही काय नुसतंच बोलता’ म्हणालं की मी हा दाखला देतो. समोरचा गप्प बसतो. कंटाळून बसत असेल, ते वेगळं.

साताऱ्याकडची गोष्ट जरा निराळी आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. त्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या शेवटी भटजीवाचून पहिलं लग्न लावून दाखवलं. भटजी नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण निवेदक म्हणून मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्यांच्या मंगलाष्टका मराठीत होत्या आणि त्या नवरा-नवरीनं स्वतः म्हणायच्या होत्या, एकमेकांना उद्देशून. विचार करा. आजसुद्धा आपल्या लग्नांत सगळे बोलतात. भटजी बोलतात, मी बोलतो, पुढारी बोलतात, मामा बोलतो, बँडवाला त्याच्या परीनं बोलतो. नवरी बोलते का? दिवसभरात तिचा आवाज मांडवात ऐकू येतो तो एकदाच, उखाण्याला. तोही आम्ही आग्रह करून घ्यायला लावतो, आणि बायकांच्या हसण्यात तो बुडून जातो.

मग आलं पत्री सरकार. बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांनी साताऱ्यात प्रतिसरकार उभं केलं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तर या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायालयं चालवली, सावकारांना आणि गावगुंडांना धाक बसवला, हे आपण वाचतो. त्याबरोबर त्यांनी गांधी लग्नं लावली. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही, कर्ज नाही. हार घालायचे, शपथ घ्यायची, वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलायचे, संपलं. स्वतः नाना पाटील बोलायला लागले की शेतात पाणी पाजणारा माणूस मोट थांबवून यायचा असं जुने लोक सांगायचे. अगदी गावच्या भाषेत बोलायचे.

माझ्या एका थोरल्या आत्याचं लग्न असं झालेलं. मी तिला मुद्दाम विचारलं होतं, कसं वाटलं तेव्हा? मला वाटलं ती काहीतरी क्रांतीबिंतीचं बोलेल. ती म्हणाली, “आरं, भाषणच लई झालं बघ. गूळ-शेंगदाणं वाटायला उशीर झाला.” म्हणजे भाषणांनी लग्न लांबायची परंपरासुद्धा आपल्याकडं थेट स्वातंत्र्यलढ्यापासूनची आहे! पण पुढं ती जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. “माझ्या बाच्या डोक्यावर माझ्या लग्नाचा एक पैका नव्हता. हे मी सासरी कुणालाबी तोंड वर करून सांगायची.” दोन एकर घाण ठेवून मुलीचं लग्न करणारी माणसं मी मांडवात रोज बघतो, तेव्हा आत्या आठवते. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. मला माईकवरून हुंडा पुकारायला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण मांडवाच्या तोंडाशी फुलांनी सजवून उभी केलेली मोटारसायकल किंवा गाडी कुणी दिली ते जाहीर करा, असं सांगतात. मी करत नाही. ‘आवाज बसलाय’ म्हणतो.

आता अक्षतांच्या वेळेकडं येतो, कारण तुम्ही सगळे त्याचीच वाट बघताय.

पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं. एवढा नेमका की ३४ नाही, ३६ नाही. साडेबाराला परण्या मारुतीच्या देवळापुढं, मित्र नाचतायत, घोडा घामाघूम. एक वाजता मांडवात. नवरीची तयारी व्हायची आहे, तिला सजवणाऱ्या बाईंचा फोन लागत नाही. आणि मग सुरू होतं स्वागत. कारखान्याचे संचालक आलेत, स्वागत. दूध संघाचे, पतसंस्थेचे, झेडपीचे, पंचायत समितीचे, आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच. प्रत्येकाचा माणूस चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येतो, आणि चिठ्ठीवर पदं अशी लिहिलेली असतात की नाव शोधावं लागतं. तेवढ्यात मुलाचे वडील कानाशी लागतात, “सर, पाच मिनिटं धरा, साहेब उंब्रजला आलेत.” पंचवीस मिनिटांनी पुन्हा विचारावं तर साहेब उंब्रजलाच असतात. समोर मांडवात म्हाताऱ्या माणसांना शुगर आहे, गोळ्या घेतलेल्या आहेत, पोटात काही नाही. लहान पोरं अक्षता तोंडात टाकायला लागतात. शाळेचा मास्तर म्हणून मला ते बघवत नाही.

समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाले अशी कथा आहे. सज्जनगडाच्या परिसरातला माणूस म्हणून मी ती लहानपणापासून ऐकतो. आजच्यासारखा दीड तास उभं केलं असतं तर ते ‘शुभमंगल’ लाच पळाले असते.

यावर मी काही वर्षांपूर्वी एक रीत बसवली. सुपारी घेतानाच दोन्ही घरच्या कर्त्या माणसांना बसवतो आणि एक कागद लिहून घेतो. अक्षतांच्या आधी फक्त स्वागत, एका माणसाला एक वाक्य, तेही जागेवर बसूनच. भाषण नाही, शाल-नारळ नाही. शुभाशीर्वाद द्यायचे ते अक्षता पडल्यावर, लोक जेवायला बसले की, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. आणि मुहूर्ताच्या आधी पाच मिनिटं माझं बोलणं बंद, माईक भटजींकडं. मग साहेब उंब्रजला असोत की मांडवाच्या दारात. निम्मे लोक सही करतात. उरलेले म्हणतात, “सर, राजकारणात हाय आम्ही, जमायचं न्हाई.” मग मी म्हणतो, माझीपण तारीख मोकळी नाही. असं म्हणायला पेन्शन असावी लागते, हे कबूल. ज्याचं पोट याच्यावर आहे तो कुठून म्हणणार?

एक गंमत सांगतो. साहेब लोकांना उशिराचं काही नसतं. एकदा एक मोठे पुढारी अक्षता पडल्यावर आले. मुलाचे वडील पांढरेफटक पडले. पुढारी म्हणाले, “बरं झालं उरकलंत, मला अजून सहा लग्नं हायती.” थांबायचा आग्रह पुढाऱ्यांचा नसतोच, तो आपला असतो. आपल्या दारात कोण आलं हे भावकीला दिसायला हवं असतं.

आमच्याकडं लग्न ठरताना कोण काय करणार हे लिहून काढतात, त्याला याद म्हणतात. कधी कधी दोन्हीकडची मंडळी समजूतदार असतात, याद झाली की त्याच दिवशी, त्याच मांडवात अक्षता टाकून मोकळे होतात. ‘यादी पे शादी’. मी पाहिलेली चांगली लग्नं बहुतेक अशी आहेत. त्यात निवेदकाला काही मिळत नाही, पण कबूल करायला हवं.

नावांबद्दल थोडं बोलतो, कारण आमचं सगळं भांडवल तेच. रेठरे म्हटलं की बुद्रुक, खुर्द की हरणाक्ष, हे विचारून घ्यावं लागतं. बोरगाव दोन्ही जिल्ह्यांत आहे. एका मांडवात पाटील शंभर असतात. पण खरी अडचण नावाच्या आधीच्या अक्षरांची आहे. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., कै. आणि गं. भा. या शेवटच्या अक्षरांवर जरा थांबतो. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. नवरा वारलेल्या बाईच्या नावाआधी लावतात. दिसायला केवढा मोठा मान! पण ही अक्षरं लागली की ती बाई मांडवात मागं सरकते. हळदीला नको, ओवाळायला नको, स्टेजवर तर नकोच. पत्रिकेत मुलगी ‘कै. अमुक यांची कन्या’ असते. जो नाही त्याचं नाव असतं, आणि जिनं वाढवलं तिचं नसतं.

तासगावकडचं एक लग्न होतं. नावं सांगत नाही. लग्नाच्या चार दिवस आधी नवरीचाच फोन आला. नवरीनं निवेदकाला फोन करणं हेच आधी नवल. म्हणाली, “सर, एक काम आहे. माझ्या आईचं नाव माईकवरून घ्याल का?” वडील ती दुसरीत असताना गेले. आईनं बेदाण्याच्या शेडवर निवड करून दोन मुलींना शिकवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, बेदाणा निवडायचा म्हणजे दिवसभर खाली मान घालून, हाताला चिकटा, पाठीचा काटा ढिला. मुलगी नर्सिंग झाली. कन्यादान चुलते करणार होते आणि चुलत्यांनी खरंच खूप केलं होतं, पण आईचं नाव पत्रिकेत नव्हतं आणि यादीतही नव्हतं. मुलगी म्हणाली, “चुलत्यांना वाईट वाटायला नको. पण आईचं नाव यावं.”

चार दिवस मी याचा विचार केला. चुलत्यांना आधी विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग घ्यायची सोय उरली नसती. न विचारता घ्यावं तर त्यांच्या घरचं कार्य, त्यांच्याच मांडवात मी कोण? शेवटी स्वागताच्या यादीत पहिलं नाव चुलत्यांचं घेतलं. पुतणीसाठी त्यांनी काय केलं ते चार वाक्यांत सांगितलं, टाळ्या झाल्या, त्यांचे डोळे भरले. आणि त्याच दमात म्हणालो, की या मुलीला वाढवणाऱ्या तिच्या आई या मांडवात आहेत. नाव घेतलं. पुढं गं. भा. लावलं नाही, श्रीमतीही लावलं नाही, नुसतं नाव आणि आडनाव. म्हणालो, बेदाण्याच्या शेडवर सतरा हंगाम त्यांनी काम केलं आणि आज त्यांची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यांनी मुलीजवळ यावं अशी मुलीची इच्छा आहे.

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. बाई पार मागं, स्वयंपाकाच्या बाजूला खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी हातानंच नाही म्हटलं. दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. मी माईक खाली केला. अशा वेळी निवेदकानं बोलू नये. मग मुलगी स्वतः उठली, मुंडावळ्या बांधलेल्या, शालू दोन्ही हातांनी उचलून धरलेला, आणि चालत मागं गेली. आईला घेऊन आली. आई स्टेजवर काही केलं नाही त्यांनी, ओवाळलं नाही, कुंकवाला हात लावला नाही. लेकीचा हात धरून अक्षता पडेपर्यंत उभ्या राहिल्या, एवढंच.

चुलते जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. पाकीट एका पोराच्या हातून आलं. ठरलेले पैसे पुरते होते, ते सरळ माणूस होते. पण त्या घरच्या पुढच्या लग्नाला निवेदक दुसरा होता.

पुढं २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढं आदर्श म्हणून ठेवला. हेरवाड आपल्यापासून लांब नाही, मिरजेच्या पलीकडं. तेव्हापासून माझं काम सोपं झालंय. यजमान कुरकुरले की मी हेरवाडचं नाव सांगतो. तरीही सांगतो, ठराव एका बैठकीत होतो, खांबाला धरलेला हात सुटायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मी सुपारी घेतानाच बघतो, ती म्हणजे मुलीचं वय. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा, आणि शिक्षा फक्त आईबापाला नाही. लग्न लावणाऱ्याला, त्याला मदत करणाऱ्यालासुद्धा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आमच्या व्यवसायातल्या तरुण पोरांना हे माहीतच नसतं. मी शिक्षक, त्यामुळं शाळेचा दाखला मागायला मला संकोच वाटत नाही. एकदा तर दाखल्याची गरजच पडली नाही, नवरी माझ्याच शाळेतली, दहावी ‘ब’. मी सुपारी परत दिली, बापाला समजावलं, तो ऐकेना म्हटल्यावर ग्रामसेवकांच्या कानावर घातलं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. ज्यांना समोर जायची भीती वाटते त्यांच्यासाठी १०९८ हा फोन आहे, नाव सांगावं लागत नाही. लग्न थांबलं. त्या भावकीनं पुढं कित्येक वर्षं मला रस्त्यात रामराम घातला नाही. मुलगी मात्र जूनमध्ये अकरावीच्या फॉर्मवर सही घ्यायला आली होती.

कोरोनाचं सांगायलाच हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये नियम निघाला, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, मोडला तर ५० हजार दंड. मला वाटलं, आपली गरज संपली. २५ माणसांत निवेदक कशाला? पण एका घरानं मला सव्विसावा नको म्हणून एका मामाला वगळून बोलावलं! मामा अजून माझ्यावर रागावून आहे. घराच्या गच्चीवर लग्न, बाकीचे फोनच्या पडद्यावर. त्या दिवशी मी पहिल्यांदा मांडवातल्या एकूण एक माणसाचं नाव घेतलं. भटजींचं, आचाऱ्याचं, फोन धरून उभ्या असलेल्या पोराचं. आचारी वाढता वाढता थांबला. म्हणाला, “तीस वर्षांत माझं नाव माईकवर कुणी घेतलं न्हवतं.” तेव्हापासून मी प्रत्येक लग्नात जेवणाआधी आचाऱ्याचं नाव घेतो. यजमानाला त्याचे पैसे पडत नाहीत.

आता जमाना बदललाय. नवरा-नवरीची ‘एन्ट्री’ असते, धूर सोडतात, वरून ड्रोन फिरतो. माझ्यासारख्या फेटेवाल्यापेक्षा सूटबूटातले तरुण निवेदक चांगले दिसतात, आणि मुलीही या कामात आल्या आहेत, त्या माझ्यापेक्षा नेटकं बोलतात. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. धुराबद्दल आहे, खोकला येतो. आणि डीजेबद्दल आहे. रात्री दहानंतर भोंगा बंद हा नियम २००० सालापासून आहे, तो आपल्या सोसायटीच्या मागच्या कार्यालयाला अजून कुणी कळवलेला दिसत नाही.

भाषणापूर्वी दोघा-तिघांनी मला हळूच विचारलं, यंदा आमच्याकडं कार्य आहे, येणार का? येईन. सोसायटीच्या माणसांकडून मी पैसे घेत नाही, हे सेक्रेटरींनी कृपया मिनिट्समध्ये लिहू नये. फक्त तो कागद आधी करायचा. आणि यादी देताना पुढाऱ्यांची पानं मागं लावा. वरच्या पानावर मला पाच नावं हवीत: दोन्ही आज्या असतील तर त्या, मुलीला शिकवणारी एखादी बाई, घरात वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या मावशी, आणि ज्यांना बोलावलंय पण जे मागंच उभे राहतील असे कुणी. नाव कसं उच्चारायचं ते शेजारी लिहा. अक्षर बरं असलेल्या मुलाकडून लिहून घ्या, माझा चष्मा आता जाड झालाय.

अध्यक्षमहोदय घड्याळ बघतायत, मला दिसतंय. पुढचा कार्यक्रम महिला मंडळाचा आहे. त्यानंतर मसाला दूध, आणि दूध आटवणाऱ्यांची नावं मी आत जाऊन विचारून येतो.